वाचकांचे प्रश्न : आरपीएम मीटरचा काटा जागचा हलत नाही

प्रश्न : माझ्या दिवंगत काकांची १९६६ सालची एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार बरीच वर्षे आमच्या शेडमध्ये उभी होती. यंदा ती दुरुस्त करून घेतली. सीटच्या मागे असलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या काढून बारा व्होल्टची एकच बॅटरी बसवली आणि आजच्या गाड्यांप्रमाणे तिचे मायनस टोक बॉडीला जोडले. डेल्कोतील (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधील) पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घातले. इंजिन सुरेख चालते, परंतु इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या आरपीएम मीटरचा काटा शून्यावरच आहे. मीटरच्या पाठीमागे पांढऱ्या तारेचा एक वेढा दिसतो. तो काढून टाकावा आणि ठिणगीसाठी मोठे व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलच्या मायनसवरून एक तार थेट मीटरला द्यावी, असे आमचे वायरमन म्हणतात. तसे करावे काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तसे करू नये. वायरमनचा सल्ला नंतरच्या काळातील मीटरला लागू पडतो. आपल्या मीटरची जातच वेगळी आहे. नंतरचे मीटर कॉइलच्या टोकावरील व्होल्टेजचे ठोके मोजतात, म्हणून त्यांना तेथून एक स्वतंत्र तार लागते. आपल्या गाडीतील स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा मीटर मात्र कॉइलकडे जाणारा प्रवाह मोजतो. इग्निशन स्विचपासून निघालेली पांढरी तार मीटरच्या पाठीवरील छोट्या लोखंडी गाभ्याभोवती वेढा घेऊन पुढे कॉइलला जाते. पॉइंट उघडले की तारेतील प्रवाह तुटतो, गाभ्यातील चुंबकत्व बदलते, आणि आतील ट्रान्झिस्टरचे सर्किट त्या प्रत्येक बदलागणिक ठरावीक रुंदीचा एक ठोका काट्याकडे पाठवते. यंत्रमागावर कापडाला हात न लावता धोटा किती वेळा गेला एवढेच मोजावे, तसा हा प्रकार आहे. वेढा काढला तर मीटरला मोजण्यासारखे काही उरतच नाही.

काटा न हलण्याचे पहिले कारण बॅटरीच्या बदलात आहे. एमजीबीचे उत्पादन १९६२ ते १९८० या काळात झाले आणि १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले असे. आपला मीटर त्याच रचनेचा असल्यामुळे सध्या त्याला उलटा पुरवठा मिळत आहे. या अवस्थेत आतील ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका असतो. तेव्हा मीटरला पुरवठा देणारी हिरवी तार आजच काढून तिच्या टोकाला स्लीव्ह चढवावी.

नव्या रचनेत हा मीटर चालवायचा असल्यास दोन गोष्टी उलटाव्या लागतात, आणि यांपैकी एकच करून लोक बहुधा फसतात. मीटर उघडून आतील पुरवठ्याच्या दोन जोडण्यांची, म्हणजे बाहेरील टर्मिनलकडे जाणारी आणि मीटरच्या पत्र्याच्या डबीला लागलेली यांची, अदलाबदल करावी लागते. त्याबरोबरच पांढऱ्या तारेच्या वेढ्याची दिशाही बदलावी लागते. पूर्वी तार ज्या बाजूने वेढ्यात शिरत होती, त्या बाजूने ती आता बाहेर पडली पाहिजे. हे काम रेडिओ किंवा ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून करून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण जुन्या बोर्डावर सोल्डरिंग गन जास्त वेळ टेकवली तर तांब्याची पट्टीच उचलून येते.

कॉइलही तपासावी. तिच्यावर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर पांढरी तार प्लसला आणि डेल्कोची तार मायनसला हवी. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला नव्या दिशेचे चुंबकत्व दिले आहे का, हेही वायरमनना विचारावे. ते राहून गेले असेल तर कटआऊटचे (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात.

दुसरे कारण मॉड्यूल असू शकते. मॉड्यूलची लाल तार सोयीसाठी कॉइलच्या प्लसलाच जोडली जाते. कॉइलचे हे टोक वेढ्याच्या पुढे येते, त्यामुळे मॉड्यूलचा स्वतःचा प्रवाहही वेढ्यातून जातो आणि मोजणी बिघडते. लाल तार वेढ्याच्या आधी, म्हणजे इग्निशन स्विचच्या बाजूला जोडावी. एवढ्यानेही काटा थरथरत राहिला, तर मीटरची काळी अर्थिंगची तार घासून स्वच्छ करावी आणि प्लगच्या वायर सप्रेसरच्या, म्हणजे ठिणगीचा विद्युत गोंगाट दाबणाऱ्या, आहेत ना, हे पाहावे.

एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. मूळ रचनेत पांढऱ्या तारेवर फ्यूज नसतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे तापलेल्या तारेचे आवरण वाकवताच तडकते, आणि उघडे तांबे डॅशबोर्डच्या पत्र्याला लागले तर संपूर्ण हार्नेस (तारांची जुडी) धुमसू शकतो. म्हणून बॅटरीचे टोक काढल्याखेरीज डॅशबोर्डखाली हात घालू नये. शिवाय ही तार कॉइलच्या एकमेव मार्गावर आहे. तिच्यातील एखादा जोड ढिला झाला तर केवळ काटा पडत नाही, पुणे रस्त्यावर भर वेगात इंजिनच बंद पडते. मीटर दुरुस्तीला दिला असेल त्या काळात पांढरी तार वेढ्यातून सोडवून सलग ठेवली, की गाडी वापरण्यास हरकत नाही.

मीटर परत आल्यावर आरपीएम दाखवणाऱ्या टायमिंग लाइटशी (ठिणगीच्या तालावर चमकणाऱ्या तपासणीच्या दिव्याशी) त्याचे आकडे ताडून पाहावेत. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेरीला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १००. फरक आढळल्यास आतील लहान प्रीसेट (जुळवणीचा स्क्रू) किंचित फिरवून तो दुरुस्त होतो. साधा मल्टिमीटर कॉइलच्या मायनसला लावून ठोके मोजण्याचा मोह टाळावा. तेथे दर ठिणगीला काही शे व्होल्टचा झटका येतो.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनीत मी बाजारातील नवा आरपीएम मीटर बसवला आहे. टायमिंग लाइटवर ९०० दिसतात, तेव्हा मीटर ६०० दाखवतो. मीटर सदोष आहे काय?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : मीटर सदोष नसावा. तो सहा सिलिंडरवर लावलेला आहे. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला तीन ठिणग्या पडतात, आपल्या इंजिनात दोन. म्हणून तो नेमके दोन तृतीयांश दाखवतो. पाठीमागील निवडीचा स्विच ४ वर आणावा. हा मीटर व्होल्टेज मोजणारा असल्याने त्याची सिग्नलची तार कॉइलच्या मायनसलाच हवी, आणि पुरवठा इग्निशननंतर सुरू होणाऱ्या फ्यूजवरून घ्यावा. मीटरच्या आतील दिव्याची तार मात्र पार्किंग लाइटच्या सर्किटला जोडावी, नाहीतर तो भर दुपारीही जळत राहील.