उजेड वाढला, पण कुणाचा?

फोंडा, श्रावण

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. टंगस्टन डायसेलेनाइडचा मोनोलेयर, म्हणजे एकच थर, सोन्याचा पत्रा आणि सोन्याचा नॅनोकण यांच्या फटीत ठेवलास, प्रकाशाचा सिग्नल कित्येक पटींनी वाढला, आणि ‘डार्क एक्साइटॉन उजळला’ (एक्साइटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी; डार्क म्हणजे सहज प्रकाश न देणारी) असं तू लिहून मोकळा झालास. जरा थांब.

कल्पना चांगली आहे, शंका नाही. या पदार्थात डार्क एक्साइटॉन ऊर्जेत ब्राइटच्या, म्हणजे सहज प्रकाश देणाऱ्या एक्साइटॉनच्या, सुमारे ४० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली असतो. त्याचा द्विध्रुव थराला लंब, त्यामुळे प्रकाश आडवा पसरतो आणि वरून बघणाऱ्या ऑब्जेक्टिव्ह भिंगाला जेमतेम मिळतो. अरुंद फटीत विद्युतक्षेत्रही लंबच, म्हणून तिथे त्याची सोय होते. पण ट्रायॉनसुद्धा (एक जादा भार चिकटलेला एक्साइटॉन) ब्राइटच्या साधारण ३० खालीच बसतो आणि खोलीच्या तापमानाला वर्णपटातल्या रेषा इतक्या रुंद असतात की दोघे एकमेकांत मिसळतात. त्यात सोनं फ्लेकला, म्हणजे थराच्या तुकड्याला, इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकतं, म्हणजे ट्रायॉनच वाढलेले असू शकतात. आधी गेट (व्होल्टेजने थरातला भार बदलणारा इलेक्ट्रोड) लावून बघ: भार बदलल्यावर वर्णपटातल्या मुख्य शिखराच्या बाजूचा तो फुगवटा, म्हणजे खांदा, हलला, तर तुझा डार्क एक्साइटॉनचा दावा संशयास्पद. मग तीच फट मॉलिब्डेनम डायसेलेनाइडवर कर. तिथे ब्राइट खाली असतो, म्हणून थंड केल्यावर उजेड वाढतो; तुझ्या पदार्थात तो घटतो. दोन्हीकडे तोच खांदा दिसला तर सोन्याचीच करामत समज.

‘पटी’विषयीही बोलायचंय. लेझर जास्त शोषला गेला, उत्सर्जनाचा वेग वाढला (भौतिकशास्त्रज्ञ पर्सेलने हे १९४६ मध्येच सांगितलं), की प्रकाश जास्त गोळा झाला? तिन्ही वेगळे मोज. नमुना मुळातच मंद असेल तर पट मोठी दिसणारच. २०१५ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर सुपरअ‍ॅसिडची प्रक्रिया करून क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशापैकी परत बाहेर पडणारा वाटा) एक टक्क्याखालून ९५ टक्क्यांच्या वर नेलं गेलं, तेही धातूशिवाय! लेझरचा ठिपका आणि फट यांच्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तराने गुणून आकडा लाखांत नेता येतो, पण फटीची रुंदी तू गृहीत धरलेली असते. न गुणलेला आकडा आधी लिही.

फ्लेक सोन्याला थेट टेकवू नकोस. ऊर्जा धातूतच मुरते. मध्ये बोरॉन नायट्राइडचे दोन-तीन नॅनोमीटर असू देत. आणि आपल्याकडचा पावसाळा विसरू नकोस. ट्रान्सफर करताना थरांमध्ये पाणी अडकतं, बुडबुडे येतात, फटीची जाडी जागोजागी बदलते. डेसिकेटर बंद ठेव, डीह्युमिडिफायर लाव आणि प्रत्येक फ्लेक एएफएमखाली (पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) तपास. हे कंटाळवाणं आहे, पण मला लेझरपेक्षा यातच जास्त रस आहे.

चवथीला घरी येशील तेव्हा स्पेक्ट्रा पेनड्राइव्हवर आण, नॉर्मलाइझ न केलेले, आणि रिकाम्या सोन्याचाही एक हवा. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधून झाली की बसू.

तुझा,
काका