ठरवण्याआधी टिप

प्रिय मुला,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, आणि रात्री झोप लागेना म्हणून उठून पुन्हा वाचलं. पोलिसांसाठी घटनास्थळाचे फोटो घ्यायला तू गेला होतास, नैसर्गिक मृत्यू उघड दिसत होता, वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले की दहा फोटोंचं काम आहे, तासभर कसला घेतोस. घाईघाईत तू आटोपतं घेतलंस, दोन धूसर फोटो खोडलेस, आणि आता विचारतोस की अशा ठिकाणी नेमके किती फोटो पुरेत.

'उघड' हा शब्द तू पत्रात तीनदा लिहिलास. मला धास्ती त्याचीच वाटते.

माझं सांगतो. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. जिन्याच्या पायथ्याशी एक वृद्ध गृहस्थ पडले होते. दारातच कुणीतरी म्हणालं, पाय घसरला. मी मान डोलावली, आणि तिथून पुढे माझा कॅमेरा फक्त घसरलेला पाय शोधत राहिला. पायऱ्या, कठडा, डोक्याची जखम, शेजारी मोजपट्टी ठेवून पुन्हा जखम. 23 फोटो, एकही हललेला नाही. वरच्या मजल्यावर मी गेलोच नाही. काही महिन्यांनी प्रश्न आले: वरच्या खोलीचं दार उघडं होतं का? जिन्यावरचा दिवा चालू होता का? तोवर घर धुऊन-पुसून झालं होतं. उलटतपासणीत मी 'आठवत नाही' म्हणालो. ते गृहस्थ पडले की ढकलले गेले, हे आजही कुणाला ठाऊक नाही. ते कळण्याची एकच वेळ होती आणि त्या वेळी तिथे मी होतो. मी दारातच ठरवून मोकळा झालो होतो.

म्हणून किती फोटो, हे मला विचारूच नकोस. ठरवण्याआधी टिप. जे महत्त्वाचं वाटतं ते तर कुणीही टिपतं. तू बिनमहत्त्वाचं टिप, कारण महत्त्व काय याचा निकाल त्या खोलीत लागत नाही, पुढे केव्हातरी लागतो, आणि तेव्हा खोली उरलेली नसते.

क्रम तुला शिकवलेला आहे, पण तू तो पाळला नाहीस, म्हणून बोलतो. बाहेरून आत ये. खोलीच्या चारही कोपऱ्यांतून, डोळ्यांच्या उंचीवरून, एका फोटोची कड दुसऱ्यात येईल अशा बेताने. छतही घे. आत आल्यावर मागे वळ आणि ज्या दारातून आलास ते दार घे. निम्मे लोक हे विसरतात. मग मधल्या अंतरावरून, वस्तू आणि चौकट किंवा खिडकीसारखं न हलणारं काहीतरी एकाच चित्रात येईल असं. मग जवळून: आधी मोजपट्टीशिवाय, नंतर मोजपट्टीसह. उलटं केलंस तर पट्टीखाली काय झाकलं होतं, हा प्रश्न येणारच.

बुटाच्या ठशाबद्दल तू एका ओळीत लिहिलंस की 'तोही घेतला'. हातात कॅमेरा धरून, तिरका, वरून फ्लॅश मारून घेतला असशील तर तो घेतलाच नाही असं समज. ट्रायपॉड लाव. लेन्स ठशाच्या बरोबर वर, कॅमेरा ठशाला समांतर. मातीतला ठसा असेल तर पट्टी ठशाच्या तळाच्या पातळीवर हवी, काठावर ठेवलीस तर माप चुकतं. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून जमिनीलगत धर आणि निदान तीन बाजूंनी वेगवेगळे फोटो घे. एका बाजूच्या उजेडात तळव्याची जी चीर सावलीत बुडते, ती दुसऱ्या बाजूने उठून दिसते. बूट ओळखला जातो तो अशा चिरेवरून.

आणि फोटोवर फार विसंबू नकोस. त्याला वास येत नाही, भांडं गरम होतं की गार हे कळत नाही, अंतर तर तो सरळ चुकीचं सांगतो. रुंद लेन्सने छोटी खोली दिवाणखाना दिसते. पॅरिसच्या पोलिसांत बर्तियाँ नावाच्या माणसाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी उंच ट्रायपॉडवरून, चित्राच्या कडेला मापं छापून घटनास्थळाचे फोटो घेतले ते याच अडचणीपायी. तू टेप घे, दोन पक्क्या बिंदूंपासून प्रत्येक वस्तूचं अंतर मोज, कच्चा नकाशा काढ, उत्तर दिशा दाखव. नोंदवहीत प्रत्येक फोटोचा क्रमांक, वेळ, कुठून कुठे पाहत घेतला ते तिथेच उभा राहून लिही. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद म्हणजे ठरवून झाल्यावर लिहिलेली नोंद.

जिन्याच्या त्या प्रकरणानंतर मला लोक हट्टी म्हणू लागले. एकदा एक आई दाराबाहेर उभी होती आणि माझं आत काम चालू होतं म्हणून तिला दोन तास मुलाजवळ येऊ दिलं नाही. सहकारी म्हणाले, माणूस आहेस की नाही. ती आत आली असती तर तिने त्याला उचलून घेतलं असतं, कुठल्याही आईने घेतलं असतं, आणि मग तो कसा पडला होता हे कायमचं गेलं असतं. मी बरोबर होतो. आजही तसंच करीन. पण तेव्हा बाहेर जाऊन तिला दोन शब्द सांगायला मला पाच मिनिटं लागली असती, ती मी दिली नाहीत. तू दे. दाराबाहेर जाऊन सांग, आणि दार लावून परत कामाला लाग.

आता ते दोन खोडलेले फोटो. धूसर असोत, चुकून जमिनीचा निघालेला असो, एकही खोडायचा नसतो. 147 नंतर थेट 150 आला की बचावाचा वकील मधल्या दोनांत काय होतं तेच विचारणार, आणि 'धूसर होते' यावर विश्वास ठेवायला तू त्याला काहीच ठेवलेलं नाहीस. कुठलं चित्र निकामी, हेही तू ठरवायचं नव्हतंस.

ते कार्ड कॅमेऱ्यात परत घालू नकोस. त्यावर नवं काही लिहिलं गेलं नसेल तर खोडलेली चित्रं बहुतेक वेळा परत मिळतात, प्रयोगशाळेकडे दे. जुन्या नोंदीत खाडाखोड न करता खाली आजची तारीख घालून लिही: कोणते क्रमांक, केव्हा, कुणी, का खोडले. वरिष्ठांना आपणहून सांग. ओरडतील, ओरडू दे. सांगून झालं की मला त्याच दिवशी कळव.

तुझा,
काका