चर्चमधल्या लोकांना दानधर्माची सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिता की मंडळी सव्वाशे घरांची, पण गरिबांच्या मदतनिधीत महिन्याला हजार रुपयेही पडत नाहीत. देणाऱ्यांची नावं उपासनेत वाचली तर फरक पडेल का, असं विचारलंय. पडेल. पण वाचू नका.

मी नगर जिल्ह्यातला. आई बोर्डिंगात भाकऱ्या थापायची. हंगामाच्या सणाला आमच्याकडे वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना संपली की लिलाव, आणि लिलावानंतर सेक्रेटरीसाहेब दानाची यादी वाचायचे, मोठ्या आकड्यापासून खाली. 1993 साली आईचं नाव शेवटून दुसरं आलं. एकवीस रुपये. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. आई काही बोलली नाही. घरी आली आणि नाव छापलेल्या दानाच्या पाकिटांचा गठ्ठा चुलीत घातला. पुढच्या रविवारपासून नोटेची घडी थेट थैलीत, बिननावाची. सोळा वर्षं. किती टाकायची ते मलाही माहीत नाही.

रजिस्टरात मात्र तिच्या नावापुढे शून्य. 2009 मध्ये ती गेली तेव्हा दफनभूमीची चिठ्ठी देण्याआधी कमिटीने रजिस्टर उघडलं आणि वर्गणीची थकबाकी सांगितली. घरात आई ठेवलेली आणि हे बेरीज करतायत! दादाने मला न सांगता पैसे भरले, पावती घेतली. दादा तेव्हा स्वतः कमिटीत होता. त्यावरून आमचं वाजलं ते अजून मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं एकच, नाव पुकारल्याशिवाय माणूस खिशात हात घालत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे येशूचं वचन त्यालाही पाठ आहे. म्हणतो, ते डोंगरावरचं प्रवचन, आपलं चर्च खाली गावात आहे.

माझं म्हणणं, लोक कंजूष नाहीत, पैसा कुठे जातो ते त्यांना कळत नाही. दशमांशाचा, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देण्याचा विषय आला की सगळे पाळक बायबलातल्या मलाखीचा तिसरा अध्याय काढतात. प्रेषित पौलाच्या 2 करिंथ पत्राचा आठवा कोणी काढत नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम पौलाने एकट्याने हाताळली नाही. मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, कोणी बोट ठेवू नये म्हणून. पौलाला साक्षीदार लागला, आणि आमच्या खजिनदाराकडे हिशोब मागितला की विश्वास कमी पडला म्हणतात.

2014 ला मी खजिनदार झालो तेव्हा दोनच गोष्टी केल्या. मदतनिधी वेगळ्या खात्यात काढला, म्हणजे पाळकांचा पगार, डायोसिसचा (बिशपच्या प्रांताचा) वाटा, छताची गळती यातलं काही त्याला शिवणार नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाराशी कागद लावला: इतके आले, इतके नर्सिंगच्या फीला, इतके एका घराला डायलिसिसच्या जाण्यायेण्याला. घेणाऱ्याचंही नाव नाही, देणाऱ्याचंही नाही. लोक चपला घालता घालता वाचायचे. तिसऱ्या महिन्यात एका म्हातारबाबांनी विचारलं, "त्या नर्सिंगवालीचं पुढचं सेमिस्टर कधी?"

रोख नसेल तर धान्य घ्या. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन बायका 1910 पासून रांधताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, बुहफाई थाम म्हणतात त्याला. ती मूठ कोणी यादीत वाचत नाही. आमच्या महिला मंडळाने ज्वारीवर हे करून पाहिलं, दोन पावसाळे चाललं, मग साठवलेल्या ज्वारीत पोरकिडे झाले आणि बंद पडलं.

आता खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी आमची जमा घटली. यादीसाठी देणारे तीन-चार मोठे हात आखडले, दादाने ते मला आकड्यांसकट ऐकवलं. दुसऱ्या वर्षी देणारी घरं वाढली, रक्कम जेमतेम पूर्वीइतकी झाली. त्यामुळे तुम्हाला छतच घालायचं असेल तर माझं ऐकू नका. शहरातल्या पगारदार मंडळीचंही मला फारसं कळत नाही, तिथे पाकीट चालत असेल तर चालू द्या. फक्त त्या रजिस्टराचा आणि दफनभूमीचा संबंध आधी तोडा, कमिटीत लेखी ठराव करून. आमच्याकडे तो अजून झालेला नाही.

लिलाव मात्र ठेवा, त्यात मजा असते. गेल्या सणाला मी एक गावठी अंडं 350 रुपयांना घेतलं. माईक दादाकडे होता. माझं नाव त्याने दोनदा पुकारलं.