बॅक्टेरिया मारायचेत, मग डिग्री नॅनोचीच हवी का?

नमस्कार ताई, पत्र वाचलं. मुलगी बारावीला, तिला नॅनोपार्टिकल, म्हणजे अतिसूक्ष्म कण, वापरून घातक बॅक्टेरिया शोधायचे आणि मारायचे यावरच काम करायचंय, आणि तुम्ही विचारताय की थेट नॅनोटेक्नॉलॉजीलाच ॲडमिशन घेऊ का. माझं ऐकाल तर नको, ग्रॅज्युएशन मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्रीत करू दे, नॅनो पुढे मास्टर्सला घेता येईल.

का ते सांगते. कण बनवणं तसं पटकन जमतं. गोल्ड सॉल्टचं उकळतं पाणी, त्यात सोडियम सायट्रेट, की काही मिनिटांत लालभडक रंग येतो, ही रीत १९५१ पासून चालत आलीय. हेच कण एकमेकांना चिकटले की निळे-जांभळे दिसतात, त्यावर बॅक्टेरिया ओळखायच्या टेस्ट बनतात, छानच आहे ते, मुलं तिथेच प्रेमात पडतात!

पण खरी गोची पुढे आहे. समजा चांदीचे कण लावलेली डिस्क बॅक्टेरिया पसरलेल्या प्लेटवर ठेवली आणि भोवती छोटीशीच रिकामी रिंग आली, तर कण कमजोर आहेत का? तसंच काही नाही, कण आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, नीट पसरतच नाहीत त्यामुळे रिंग छोटी येऊ शकते, म्हणून लिक्विडमध्ये एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारा कमीत कमी डोस, काढायची, जगलेल्या बॅक्टेरियांच्या कॉलनी मोजायच्या. बरं, मेले ते कणांमुळे, कणांतून सुटलेल्या चांदीच्या आयनांमुळे, की बनवताना उरलेल्या केमिकलमुळे? प्रत्येकासाठी वेगळा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, लावावा लागतो. त्यात बायोफिल्म, म्हणजे बॅक्टेरियांचा चिकट थर, झाली असेल तर तोच डोस पुरत नाही, चांदीला दाद न देणारे बॅक्टेरियाही असतात, आणि माणसाच्या पेशींना काय होतं ते बघायचं ते वेगळंच. हे सगळं पक्कं मायक्रोबायोलॉजी आहे हो, नॅनोचं ब्रोशर यातलं काही सांगत नाही.

तिला कण बनवण्यातच जास्त मजा वाटत असेल तर केमिस्ट्री घ्या, फक्त मायक्रोबायोलॉजीचे पेपर सोबत घेता येतील असं कॉलेज बघा. रिसर्च करायचा तर पीएचडीपर्यंत जायची तयारी लागेल, डायग्नोस्टिक किट किंवा जखमेच्या ड्रेसिंगच्या कंपन्यांत क्वालिटी, टेस्टिंगची कामं मास्टर्सवरही मिळतात.

कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅब दाखवा म्हणा, आणि प्लेट मुलं स्वतः लावतात की सर लावतात आणि मुलं नुसती बघतात, हे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. आणि पुढचं पत्र तिला लिहू दे.