होडीवर रेंज दिसते, पण फोन का लागत नाही?

प्रश्न: आमची होडी हर्णैहून सुटते. बरंच आत गेल्यावर साध्या फोनवर दोन काड्या दिसतात, तरी फोन काही लागत नाही. बूस्टर घेऊ का?

उत्तर: बूस्टरवर पैसे घालू नका. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहेच, पण लावलात तरी उपयोग नाही. मी देवगडच्या बाजूला पाचसहा वर्षं टॉवरच्या देखभालीचं काम केलं. तिथले तांडेल हीच तक्रार घेऊन यायचे आणि मी 'पॉवर कमी पडते' असं ठोकून द्यायचो. चूक होतं ते. कमी पडतो तो वेळ.

साधा फोन म्हणजे टू-जी, जीएसएम नावाच्या नियमावलीवर चालणारा. त्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर 8 फोन पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाच्या वाट्याला 577 मायक्रोसेकंदांचा खण. शिमग्यात लांबून ढोल बघितलात तर काठी आधी पडते आणि आवाज मागून येतो ना? तसंच लांबच्या फोनचं बोलणं टॉवरपाशी उशिरा पोचतं आणि पुढच्याच्या खणात घुसतं. म्हणून टॉवर त्याला सांगतो, बाबा, तू इतका आधी सुरू कर. हे 'इतका' सांगायला नियमात 0 ते 63 एवढेच आकडे आहेत. एक आकडा म्हणजे साधारण 550 मीटर. करा गुणाकार: 35 किलोमीटर, जवळजवळ 19 सागरी मैल. 63 च्या पुढे आकडाच नाही.

मग काड्या कशा दिसतात? टॉवर आपली ओळख सतत सांगत असतो, ती ऐकायला पाळी लागत नाही. त्यात आपले टॉवर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर. समुद्रापासून 100 मीटर उंचीवरचा अँटेना आणि होडीत 4 मीटरवर धरलेला फोन, यांना एकमेकांचं जवळपास 50 किलोमीटरपर्यंत 'दिसतं'. पस्तिशीच्या पुढे तुम्हाला टॉवर ऐकू येतो, पण तुमची हाक वेळेत पोचत नाही.

हा कुठल्या कंपनीचा कंजूसपणा नव्हे. युरोपात बहुतेक देशांच्या मोबाईल यंत्रणा वेगवेगळ्या होत्या, मोटारीतला फोन सरहद्द ओलांडली की बहुधा मुका. म्हणून 1982 साली तिथल्या टपाल-दूरसंचार खात्यांनी समिती नेमली, 1987 मध्ये 13 देशांनी कोपनहेगनला करार केला, 1991 मध्ये फिनलंडात पहिला कॉल झाला. 1995 मध्ये भारतात मोबाईल आला तो हीच तयार नियमावली घेऊन, 63 सकट. डोलकाठी धरून फोन लावणारा माणूस त्या समितीत कोणाच्या ध्यानात असेल असं मला वाटत नाही!

पुढे त्यावर तोडगाही निघाला: लागोपाठचे दोन खण एकाच फोनला द्यायचे. अंतर वाढतं, पण 8 जणांच्या जागी 4 जण बोलतात. मे महिन्यात चाकरमानी आलेले असताना कोण देणार?

फोर-जीत पायरी 78 मीटरची आणि अशा 1282, म्हणजे 100 किलोमीटर. पण टॉवर किती अंतरासाठी लावायचा हे कंपनी ठरवते. नेहमीच्या छोट्या सेटिंगला फार तर 14-15 किलोमीटरवर कारभार आटोपतो. त्यामुळे फोर-जी फोन नेऊन बघा, आणि कंपनीकडे तक्रार करताना नुसतं 'रेंज नाही' लिहू नका. जीपीएसवरचं ठिकाण आणि टॉवरपासूनचं अंतर लिहा, म्हणजे सेटिंग बघणाऱ्याला कळेल. वायरलेस सेट मात्र चॅनल 16 वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, चालूच ठेवा.