मोबाईलवर थ्रीडी फोटो काढताय? सुरुवातीला एवढंच करा

पहिल्या फोटोत खोली, म्हणजे जवळ-लांबपणा, दिसली नाही म्हणून सोडू नका हो, सगळ्यांचं असंच होतं. महागडा कॅमेरा आत्ता नकोच. डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, मग उजव्या पायावर झुकून दुसरा, बस. आपल्या डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं तेवढंच सरकायचं, दोन चित्रांतल्या फरकावरून मेंदू जवळ-लांब ओळखतो, आणि दोन कॅमेऱ्यांचा रोबोटही हेच गणित करतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- फोन सरकवायच्या ऐवजी वळवतात.
- एक फोटो वर, एक खाली. डोळे लगेच दुखतात.
- वाऱ्यात हलणारी पानं निवडतात.
- फार जवळ जातात. सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग सरकायचं, म्हणजे साडेसहा सेंटिमीटरसाठी सगळं 2 मीटरच्या पुढे ठेवा.

बघताना दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी-शेजारी, डावा फोटो डावीकडेच, जोडी लहान ठेवा आणि स्क्रीनच्या पलीकडे लांब बघतोय असं बघा. तीन चित्रं दिसायला लागतील, त्यातलं मधलं धरून ठेवा. माझ्या तुळशीच्या कुंडीची पुढची मंजिरी अशी अलगद बाहेर आली तेव्हा मी हात पुढे केला होता! अलाइनमेंटची, म्हणजे दोन फोटो नीट जुळवणारी, सॉफ्टवेअर वगैरे नंतर बघू, आधी दहा जोड्या काढा.