मुलं जागी असतानाच आकाश टिपा

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे तर पहिल्याच फटक्यात आकाशगंगेच्या मागे लागू नका. तिचा ठळक पट्टा वृश्चिकेच्या नांगीजवळ असतो आणि एप्रिलमध्ये तो नीट वर यायला मध्यरात्र उलटते. तोवर पोरं गाडीत झोपलेली असतात. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीतली अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. नऊच्या सुमारास मृग नक्षत्र पूर्वेला चांगलं वर आलेलं असतं, आणि भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी जेवणं उरकून आरामात फोटो होतात.

नवी लेन्स आत्ताच घेऊ नका. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ एमएमची लेन्स पुरते. १८ एमएम (सगळ्यात रुंद दृश्य), एफ ३.५ (लेन्सचं तोंड पूर्ण उघडं), आयएसओ ३२०० (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर १५ सेकंद उघडं. यापेक्षा फार लांबवलंत तर चांदण्यांच्या रेघा होतात. ऑटोफोकस अंधारात चाचपडतो, म्हणून मॅन्युअलवर टाका, स्क्रीनवर व्याध हा ठळक तारा मोठा करा आणि तो अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. ट्रायपॉड मात्र दणकट हवा, तिथे काटकसर नको.

घरच्यांना फ्रेममध्ये घ्यायचं तर खरी गंमत. १५ सेकंद स्थिर बसणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही! त्यांना आकाशासमोर उभं करू नका, हलले की कडा पुसट होतात. काळ्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर बसवा आणि शटर उघडं असताना बाजूने टॉर्च क्षणभर मारा. उजेड पडला तेवढाच क्षण उमटतो, नंतर खुशाल चुळबुळ करू देत.

थंडीत लेन्सवर दव धरतं. दर थोड्या वेळाने मऊ कापडाने टिपत राहा.